आंब्यावरची माशी आणि माणसाचें मूल

१ मे २०१४ रोजीं युरोपियन संघानें भारताच्या आंब्याला आपले दरवाजे बंद केले. कारण इतकेंच कीं, तिकडे गेलेल्या मालांत फळमाशी सांपडली. मग काय विचारतां! बागाईतदार, अडते, निर्यातदार, कृषिखातें, मुंबईचे मंत्री, दिल्लीचे मंत्री, सर्वांची एकच धांवपळ उडाली. माल तपासण्याची व्यवस्था सुधारली, परकीय तपासनीस येऊन पाहून गेले, आणि पुढच्याच वर्षीं बंदी उठली. निर्यातीच्या आंब्याची बाग आज सरकारदरबारीं नोंदविली जाते; परदेशांत पेटी उघडली तर ती कोणत्या बागेंतून निघाली हें सांगतां येतें. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या पांच जिल्ह्यांच्या हापुसास भौगोलिक मानांकनही मिळालें. हें सर्व चांगलेंच झालें, आणि आम्हांस त्याचा आनंद आहे. परंतु आमचा एक साधा प्रश्न आहे. ज्या बागेंतील माशीचा हिशेब ब्रुसेल्सपर्यंत पोंचतो, त्याच बागेंत राखणदाराच्या झोंपडीभोंवतीं दिवसभर राबणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाचा हिशेब कोणाच्या वहींत आहे?

हें मूल कोणाचें तें आमच्या जिल्ह्यांतील वाचकांस फोड करून सांगावयास नको. पावसाळा सरला, दसरा-दिवाळी आटोपली कीं नेपाळांतून माणसें कोंकणांत उतरूं लागतात. कोणी हापुसाच्या बागेंत राखणीस राहतो, कोणी फवारणीच्या कामास लागतो, कोणी मिरकरवाड्यास किंवा हर्णैस नौकेवर खलाशी होतो. आमच्या तरुणांनीं मुंबईची वाट धरली, त्यांची रिकामी जागा या लोकांनीं भरून काढली. त्यांच्यावांचून आज बागेचा हंगाम निभत नाहीं, हें कोणताही प्रामाणिक बागाईतदार कबूल करील. पुरुषाबरोबर पुष्कळदां बायको येते. आणि आईबाप दोघेंही निघाल्यावर मुलें मागें कोणाच्या गळ्यांत घालणार? तीं बरोबर येतात. चिरेखाणींवर कर्नाटकांतून आलेल्या कुटुंबांचीही गोष्ट तीच.

बागेंत हें मूल काय करतें? धाकट्या भावंडास सांभाळतें, पाणी आणतें, लांकडें गोळा करतें, वानर हांकतें, पडलेला आंबा वेंचतें, पेटी भरतांना हाताशीं उभें राहतें. याला कोणी मजुरी म्हणत नाहीं. मजुरी बापाच्या नांवें ठरलेली असते. मूल तिच्यांत फुकट येतें. सर्वच बागांत असें चालतें असा आमचा आरोप नाहीं. राखणदाराचें मूल स्वतः शाळेंत नेऊन घालणारा बागाईतदारही याच जिल्ह्यांत आहे आणि त्याचें आम्ही कौतुकच करूं. पण दहा मुलांचें भवितव्य दहा मालकांच्या चांगुलपणावर सोडणें म्हणजे व्यवस्था नव्हे.

आतां या मुलाच्या शाळेची गत पहा. नेपाळांत शाळेचें वर्ष वैशाखांत, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतें. आमच्याकडे तें जूनमध्यें सुरू होऊन उन्हाळ्यांत संपतें. मूल दिवाळीनंतर घर सोडतें तेव्हां तिकडचें वर्ष अर्ध्यावर तुटतें. येथें येतें तेव्हां आमचें पहिलें सत्र संपलेलें असतें. आंबा संपवून परत जातें तेव्हां तिकडचा नवा वर्ग पुढें गेलेला असतो. दोन देशांत दोन शाळा, आणि मूल मात्र दोहोंमधल्या रस्त्यावर! असे दोन-तीन हंगाम गेले कीं तें पुन्हां पाटीला हात लावीत नाहीं, आणि चौदा वर्षें पुरीं होण्याच्या आंतच बापाच्या शेजारीं पुरा गडी म्हणून उभें राहतें. बालमजुरी कांहीं एका रात्रींत जन्मास येत नाहीं. शाळेच्या चुकलेल्या एकेका दिवसावर ती वाढते.

कोणी म्हणेल, हें परमुलखाच्या लोकांचें दुखणें. त्याची उठाठेव तुम्हांस कां? आमचें उत्तर असें कीं, हें दुखणें आमच्याच घरचें आहे. मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्या बहुतांशीं रत्नागिरीच्या माणसाच्या खांद्यावर. खोताचा तगादा, सावकाराचें देणें आणि वरकस जमिनीचा तुकडा यांस कंटाळून आमचा कुणबी, मराठा, भंडारी, महार गलबतांत आणि आगबोटींत बसून मुंबईस गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचें पोरही गेलें. भरलेल्या बाबिनी काढून रिकाम्या लावण्यास लहान हात सोईचे पडत. १८८१ सालीं या देशांतील पहिला कारखान्यांचा कायदा झाला. त्यांत काय ठरलें? तर सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊं नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये! तोही शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या कारखान्यांपुरताच. सात वर्षांचें पोर नऊ तास यंत्राशीं उभें राहणें ही त्या दिवशीं दया होती. ती दया ज्यांच्यावर झाली त्या पोरांचे नातू-पणतू आज आमचे वाचक आहेत.

हा कायदा झाला कसा, तेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मुंबईंत सोराबजी शापुरजी बंगाली या सज्जनानें त्यासाठीं खटपट केली. तिकडे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनींही गलबला केला. मँचेस्टरच्या पोटांत कोंकणच्या पोरांची कणव नव्हती. मुंबईचें सूत महाग पडावें एवढाच त्याचा हेतु होता. तेव्हां आमच्याकडील शेटजींनीं आणि त्यांच्या कैवारी पत्रांनीं ओरड केली कीं, हा परकीयांचा कावा आहे, देशी धंद्याचा गळा घोंटण्याचा डाव आहे. कावा होता हें खरें. पण कावा होता म्हणून यंत्राशीं उभें असलेलें पोर खोटें ठरतें काय? ज्यांचीं स्वतःचीं मुलें इंग्रजी शाळेंत बसलीं होतीं, त्यांनीं देशाच्या नांवानें दुसऱ्यांचीं मुलें गिरणींत ठेवण्याचा आग्रह धरावा, हा न्याय कोठला? नारायण मेघाजी लोखंडे यांनीं ‘दीनबंधु’ पत्रांतून कामगारांची बाजू मांडली. सप्टेंबर १८८४ मध्यें त्यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि पांच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढें ठेवला. १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली ती त्याच चळवळीचें फळ.

त्याच १८९० च्या मार्चमध्यें जर्मनीच्या बादशहानें बर्लिन येथें युरोपांतील राष्ट्रांची परिषद बोलाविली. कारखान्यांत बारा वर्षांखालील मूल घेऊं नये, दक्षिणेकडील देशांत निदान दहा वर्षांखालील घेऊं नये, अशी तिनें शिफारस केली. ती कोणावर बंधनकारक नव्हती. तरी पुढच्याच वर्षीं, १८९१ सालीं, आमच्या कायद्यांत सातांचीं नऊ वर्षें झालीं आणि मुलांच्या कामाचे नऊ तासांचे सात तास झाले. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निघाली. वॉशिंग्टनच्या तिच्या पहिल्या परिषदेस कामगारांच्या वतीनें गेलेले नारायण मल्हार जोशी हे आमच्या शेजारच्या कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचे. तेथें जगासाठीं चौदा वर्षांची मर्यादा ठरली. भारतासाठीं मात्र निराळें कलम घालून बारा वर्षें ठरविलीं. १९२२ सालीं आमच्या कायद्यांत बारा वर्षें आलीं. परदेशांतील ठराव म्हणजे नुसते कागदी घोडे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हीं सालें शेजारीं-शेजारीं मांडून पहावीं. आमच्या पोरांचें वय आमच्या शेटजींच्या अंतःकरणानें वाढविलें नाहीं. इकडून कामगारांनीं ढकललें, तिकडून जगानें ओढलें, तेव्हां तें वाढलें.

परंतु कायद्यानें गिरणीचें दार लावलें तरी पोर घरीं शाळेंत गेलें असें नाहीं. तें शेजारच्या आळींत गेलें. १९३१ सालीं शाही मजूर कमिशननें आपला अहवाल दिला, त्यांत विड्यांच्या कारखान्यांत पांच-पांच वर्षांचीं मुलें दहा-बारा तास राबतात असें नमूद आहे. बापानें घेतलेल्या उचलीपायीं मूल गहाण पडत असे. तें बंद करण्यास १९३३ सालीं वेगळा कायदा करावा लागला. यंत्रावर लक्ष ठेवलें तर पोर विडीवर जातें. कारखान्यावर लक्ष ठेवलें तर तें घरांत आणि शेतांत जातें. आजही तेंच चाललें आहे. १९८६ चा बालमजुरीचा कायदा २०१६ सालीं दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यांत ठेवण्यास बंदी झाली. मालकास सहा महिने ते दोन वर्षें कैद आणि वीस ते पन्नास हजार रुपये दंड ठरला. हें उत्तम झालें. पण त्याच हातानें एक खिडकी उघडी ठेवली. शाळा सुटल्यावर किंवा सुटींत मुलानें कुटुंबाच्या धोका नसलेल्या धंद्यांत मदत केली तर ती मजुरी नव्हे! आणि या कुटुंबांत आईबापच नव्हे, तर काका, मामा, आत्या, मावशी सर्व आलीं. आतां तपासनीस बागेंत गेला आणि मूल पेटीजवळ दिसलें, तर तें मामाला मदत करतें आहे कीं मालकाचें काम करतें आहे हें त्यानें कसें ठरवावें?

बापाचा धंदा मुलानें घरींच शिकावा हें गोड वचन आम्हां बहुजनसमाजास नवें नाहीं. १९५३ सालीं मद्रासेंत राजाजींनीं योजना काढली कीं, प्राथमिक शाळेंतील मुलानें अर्धा दिवस शिकावें आणि उरलेला वेळ बापाच्या धंद्यांत घालवावा. तेथील ब्राह्मणेतर समाजानें तत्काळ ओळखलें कीं, ही न्हाव्याचें पोर न्हावी आणि चांभाराचें पोर चांभार ठेवण्याची युक्ति आहे. आणि १९५४ सालीं ती योजना मागें घ्यावी लागली. वकिलाच्या मुलानें शाळा सुटल्यावर बापाच्या कचेरींत काम करावें असें कोणी सांगत नाहीं. हा उपदेश नेहमीं कोयता, कुदळ आणि जाळें धरणाऱ्यांच्याच मुलांना कां? हात चालवायला शिकणें वाईट नाहीं. पोट भरण्यासाठीं हात चालवावा लागणें आणि त्यापायीं अक्षर सुटणें, हें वाईट.

यावर खरा उपाय कोणता, हें जोतीराव फुले यांनीं १८८२ सालींच हंटर कमिशनपुढें मांडलें होतें. बारा वर्षांपर्यंतचें शिक्षण सक्तीचें करा, असें त्यांनीं सांगितलें. आणि गरिबाचें मूल गुरांमागें व शेतांत लागतें हें ओळखून शिष्यवृत्त्या व बक्षिसें देऊन त्याला शाळेंत ओढावें असेंही सुचविलें. नुसती सक्ती नव्हे, नुसती दयाही नव्हे. सक्ती आणि भाकर दोन्ही बरोबर. आमच्याच जिल्ह्यांत कोतळूक येथें जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल मांडलें. १९१२ सालीं तें फेटाळलें गेलें. जें कलकत्त्याच्या कौन्सिलांत झालें नाहीं तें १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत करून दाखविलें, आणि मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.

भाकरीवांचून सक्ती केली म्हणजे काय होतें, त्याचा दाखला बांगलादेशानें दिला आहे. १९९२ नंतर अमेरिकेच्या कायदेमंडळांत, मुलांच्या हातचा माल देशांत घेऊं नये असें बिल आलें. बिल मंजूर होण्याआधींच डाक्क्याच्या कपडे शिवणाऱ्या कारखानदारांनीं भीतीनें मुलांना बाहेर काढलें. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीच्या अंदाजानें हीं मुलें सुमारें पन्नास हजार होतीं. त्यांतील पुष्कळ दगड फोडण्यासारख्या अधिक हालाच्या कामास लागलीं. तेव्हां १९९५ सालीं कारखानदार, मजूर संघटना आणि बालनिधि यांनीं करार केला. मुलांसाठीं शाळा काढाव्या, त्यांस दरमहा विद्यावेतन द्यावें आणि मग कामावरून काढावें, असें ठरलें. फुल्यांनीं १८८२ त सांगितलें तेंच शहाणपण शंभर वर्षांनंतर जगाला ठेंच लागून सुचलें. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतों कीं, उद्यां एखाद्या परदेशी व्यापाऱ्यानें रत्नागिरीचा आंबा मुलांच्या कारणानें नाकारला आणि मालकांनीं घाबरून नेपाळी कुटुंबांना रातोरात हांकलून दिलें, तर त्यांत मुलांचें कल्याण नाहीं. मूल बागेंतून निघालें पाहिजे तें शाळेंत जाण्यासाठीं. रस्त्यावर जाण्यासाठीं नव्हे.

राष्ट्रांनीं एकत्र येऊन काम केलें तर फळ मिळतें, याचा पुरावा आंकड्यांत आहे. २००० सालीं जगांत २४.६ कोटी मुलें मजुरींत होतीं. २०२४ च्या अंदाजानें तीं १३.८ कोटी उरलीं. त्यांपैकीं ५.४ कोटी अजून धोक्याच्या कामांत आहेत, आणि दर शंभरांत एकसष्ट मुलें शेतींत आहेत. २०२५ पर्यंत बालमजुरी नाहींशी करूं अशी प्रतिज्ञा राष्ट्रांनीं केली होती. ती पुरी झाली नाहीं. १९७३ चा किमान वयाचा करार आणि १९९९ चा मुलांच्या अत्यंत वाईट मजुरीविरुद्धचा करार, हे दोन या कामाचे मुख्य आधार. नेपाळनें पहिला १९९७ सालीं आणि दुसरा २००२ सालीं मान्य केला. आपण दोन्ही १३ जून २०१७ रोजीं मान्य केले. ज्या देशाच्या माणसास आमच्यांतले कांहीं लोक ‘गुरखा’ म्हणून एकेरींत हांक मारतात, त्या देशानें कागदावर तरी आमच्याआधीं वीस वर्षें हा शब्द दिला होता! आज दोघेही त्याच शब्दानें बांधलेले आहेत. १९५० च्या तहानें दोन्ही देशांच्या माणसांस एकमेकांकडे राहण्याची व धंद्याची मोकळीक आहे. माणूस मोकळेपणानें सरहद्द ओलांडतो. त्याच्या मुलाचा शाळेचा दाखला मात्र सरहद्दीवर अडतो, हें कसें चालेल?

आणि आमचा कायदा या मुलास परका मानीत नाहीं. राज्यघटनेच्या २१-अ कलमांत सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांस शिक्षण द्यावें असें म्हटलें आहे. नागरिकाच्या मुलांस असें म्हटलेलें नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें वयाचा दाखला नाहीं म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं. ज्यांच्या अध्यक्षतेखालीं घटनेचा मसुदा झाला त्या बाबासाहेब आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवे याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांत आहे. चौदा वर्षांखालील मूल कारखान्यांत, खाणींत किंवा धोक्याच्या कामांत लावूं नये हें २४ वें कलम त्याच घटनेंतलें. निदान आमच्या जिल्ह्यानें तरी तें विसरूं नये.

मग करावयाचें काय? आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली: हंगाम सुरू होतांच प्रत्येक ग्रामपंचायतीनें आपल्या हद्दींतील बागा, खाणी व नौका यांवर आलेल्या कुटुंबांतील मुलांची यादी करावी आणि ती यादी देणें मालकावर बंधनकारक असावें. जी बाग माशीसाठीं नोंदविली जाते ती मुलासाठीं नोंदविण्यास कोणती अडचण आहे? दुसरी: महाराष्ट्रांत स्थलांतरित मुलांसाठीं शिक्षण हमी कार्ड आहे. तसें एक पत्रक दिल्ली आणि काठमांडू यांनीं मिळून काढावें, कीं मुलानें येथें काय शिकलें तें तिकडच्या शाळेंत आणि तिकडचें येथें धरलें जाईल. भाषेचें भय घालूं नये. नेपाळी आणि मराठी दोन्ही देवनागरींतच लिहितात. त्या मुलास आमचें अक्षर आधींच येतें. तिसरी: बागाईतदारांच्या संस्थांनीं राखणदाराशीं मजुरी ठरवितांना त्याचें मूल शाळेंत जाईल हेंही ठरवावें, आणि धाकट्या भावंडासाठीं अंगणवाडीची सोय मागावी, नाहींतर मोठी बहीण शाळेंत जाऊंच शकणार नाहीं.

चौथी गोष्ट आम्हांस विशेष जोरानें सांगावयाची आहे. कोंकणांतल्या वाडीवस्तीच्या शाळांचा पट रोडावत चालला आहे. वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारनें २०२३ सालीं पुढें आणला. एकीकडे मुलें नाहींत म्हणून शाळा मोडायची, आणि दुसरीकडे त्याच शाळेपासून हांकेच्या अंतरावर बागेंत मुलें शाळेवांचून ठेवायचीं, याला व्यवहार म्हणावें कीं आंधळेपण? तीं चार मुलें पटावर आलीं तर तीं शिकतील, आणि वाडीच्या गरिबांची शाळाही टिकेल. परक्याचें भलें करतांना आपलेंही होतें तें असें.

बागाईतदार बंधूंनो, तुमच्यांतील पुष्कळांस दलालाचा जाच, कर्जाचा भार आणि मोहोराचा लहरीपणा यांनीं पिळून काढलें आहे, हें आम्ही जाणतों. तुम्हांवर दावा धरण्यासाठीं हा लेख नाहीं. पण तुमच्यांतील कितीजणांच्या आज्यांनीं खोताचीं गुरें राखलीं, कितीजणांच्या पणज्यांनीं परळच्या गिरणींत बाबिनी बदलल्या, याची एकदां घरांत विचारपूस करा. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. तुम्ही जमिनीचे धनी झालां, तुमचीं मुलें मास्तर, इंजिनियर, डॉक्टर झालीं. हें शाळेमुळें झालें. शाळेचा तो दरवाजा आपल्यामागें लावून घेणें ही खोताची रीत आहे. कुळाच्या पोरास ती शोभत नाहीं. हंगाम उभा राहील तेव्हां कलमांची मोजदाद कराल, पेट्यांची कराल, औषधाच्या डब्यांची कराल. त्याच दिवशीं बागेंतील मुलेंही मोजा, आणि सकाळीं घंटा होण्यापूर्वीं तीं शाळेंत पोंचतील असें करा.